गोठ्यातील बटव्याला नोंदवहीची जोड हवी

आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेच्या सायंकाळी, महाराष्ट्रातील असंख्य घरांत सवत्स धेनूचे पूजन होते. गाईच्या पायांवर पाणी घातले जाते, कपाळी हळदकुंकू लावले जाते आणि मगच दिवाळीचा पहिला दिवा लागतो. या पूजेत वापरले जाणारे कुंकू पूर्वापार हळदीपासूनच तयार होत आले आहे. पिवळ्या हळदीला चुन्यासारख्या क्षारधर्मी पदार्थाचा स्पर्श झाला की ती लाल होते, हे ज्ञान या भूमीतील गृहिणीला रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक येण्याच्या कितीतरी आधीपासून होते. हीच हळद व हाच चुना कोरफडीच्या गरात वाटला, तर जो लालसर लेप तयार होतो, तो आज देशातील अनेक सहकारी दूध संघांच्या क्षेत्रात गाईच्या सुजलेल्या कासेवर लावला जात आहे. पूजेच्या तबकातील द्रव्य गोठ्यातील औषध झाले आहे. ही घटना आनंदाची खरी. परंतु या आनंदाबरोबर एक जबाबदारीही येते आणि तिचा विचार गोप्रेमी समाजाने अजून पुरेशा गांभीर्याने केलेला नाही.

कासदाह : घराघरांतील संकट

दुभत्या जनावरांचे जे रोग गोपालकाला सर्वाधिक नुकसान पोहोचवतात, त्यांत कासदाहाचा क्रम फार वरचा आहे. काही भागांत याच रोगाला ‘दगडी’ म्हणतात. नाव अन्वर्थक आहे. कास दगडासारखी घट्ट होते, गरम लागते, दुधात गाठी अथवा पाण्यासारखा स्राव येतो, कधी रक्त उतरते. वेळीच उपचार झाले नाहीत तर तो सड कायमचा निकामी होतो. दोन गाईंच्या दुधावर मुलांचे शिक्षण आणि पतसंस्थेचा हप्ता चालविणाऱ्या कुटुंबात एक सड जाणे म्हणजे महिन्याच्या मिळकतीचा एक मोठा भाग जाणे होय. याहून फसवा प्रकार म्हणजे सुप्त कासदाह. त्यात कास नेहमीसारखी दिसते, दूधही नेहमीसारखे दिसते. केवळ उत्पादन हळूहळू घटत जाते आणि गोपालक त्याचा दोष चाऱ्याला, हवामानाला किंवा नशिबाला देत राहतो.

या रोगावर आधुनिक पशुवैद्यकाचे मुख्य शस्त्र म्हणजे प्रतिजैविके. ती परिणामकारक आहेत आणि त्यांनी असंख्य जनावरे वाचविली आहेत, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. प्रश्न आहे तो त्यांच्या बेसुमार वापराचा. पशुवैद्यकाचा सल्ला न घेता औषधांच्या दुकानातून नळी आणायची, दोन दिवस सडात सोडायची, सूज उतरल्यासारखी वाटताच उपचार मध्येच थांबवायचे आणि त्याच सायंकाळचे दूध केंद्रावर घालायचे, असा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. वास्तविक प्रत्येक प्रतिजैविकानंतर ठरावीक काळ दूध वापरात आणू नये, असा दंडक आहे. तो पाळायचा तर दूध ओतून द्यावे लागते. ज्याच्या घरात त्या दुधावरच चूल पेटते, त्याला हा दंडक पाळणे किती कठीण जाते, याची कल्पना शहरी ग्राहकाला सहसा नसते.

गोठ्यातून स्वयंपाकघरापर्यंत

गाईला दिलेले औषध गाईपाशी थांबत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ७७ नमुन्यांत, म्हणजे सुमारे १.२ टक्के नमुन्यांत, प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. हे प्रमाण घबराट माजविण्याजोगे नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगेही नाही. दूध उकळले म्हणजे सारे दोष गेले, अशी घरोघरची समजूत असते. उकळण्याने जंतू मरतात, परंतु बहुतेक प्रतिजैविकांचे अंश त्याने पुरते नष्ट होत नाहीत. अशा दुधात विरजण नीट लागत नाही, कारण दही लावणारे उपकारक जंतूही त्या औषधाने मारले जातात. अर्थात विरजण न लागण्याची अन्यही कारणे असतात. अधिक गंभीर गोष्ट ही, की अशा अल्प मात्रांच्या सततच्या संपर्काने रोगजंतू औषधाला सरावतात आणि मग माणसाच्या आजारपणात तेच औषध लागू पडेनासे होते. २०१७ मध्ये देशाने या धोक्याविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला आणि २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नोत्पादक प्राण्यांसाठी वापर केंद्र सरकारने बंद केला, तो याच कारणाने. माणसाच्या उपचारात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले हे औषध पशुखाद्यातून वापरले जात होते.

गिधाडांची कथा तर याहून विदारक आहे. गाईबैलांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक त्यांच्या मृतदेहातून गिधाडांच्या पोटात गेले आणि या पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. गिधाडांच्या तीन प्रमुख जातींची भारतातील संख्या काही वर्षांतच ९५ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उलगडले, २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०२३ मध्ये त्याच वर्गातील किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्यावरही आली. एका गोठ्यातील सुईचा परिणाम आकाशातील पक्ष्यापर्यंत पोहोचतो, हा धडा त्यातून मिळाला. जे औषध दुधात विषारी अंश ठेवणार नाही आणि निसर्गाची साखळी तोडणार नाही, त्याचा शोध घेणे ही म्हणूनच केवळ परंपराभिमानाची बाब राहिलेली नाही. ती आरोग्याची गरज झाली आहे.

परंपरेची साक्ष

असा शोध घेण्यासाठी भारताला रिकाम्या हाताने आरंभ करावा लागत नाही. विराटपर्वात अज्ञातवासातील सहदेव तंतिपाल हे नाव घेऊन विराटाच्या गोधनाचा सांभाळ करतो आणि गोपरीक्षेतील आपले कौशल्य सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोध्यक्षाची स्वतंत्र योजना आहे. लहान, वृद्ध व व्याधिग्रस्त जनावरांवर उपचार करणे हे तेथे गोपालकांचे कर्तव्यच ठरविले आहे. गिरनारसह अनेक ठिकाणी कोरलेल्या दुसऱ्या शिलालेखात सम्राट अशोकाने माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे आणि औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणून लावल्याचे नमूद केले आहे. अग्निपुराणात ‘गवायुर्वेद’ असा अध्यायच आहे.

ग्रंथांपेक्षाही मोठा ठेवा लोकांच्या स्मृतीत आहे. खिल्लार सांभाळणारे धनगर, डांगी जनावरे घेऊन सह्याद्रीच्या पावसात राहणारे आदिवासी, गवळी, आणि मुख्य म्हणजे गोठ्याचा भार रोज वाहणाऱ्या शेतकरी घरांतील स्त्रिया यांच्यापाशी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या राहिले. पोट फुगले की हिंग, ओवा आणि गोडे तेल. जखमेत अळ्या पडल्या की सीताफळाचा पाला. गोचिडांना कडुनिंब व करंज. व्यायल्यावर दूध वाढावे म्हणून शतावरी. हा सारा व्यवहार बोलण्यातून आणि पाहण्यातून पुढे गेला. त्याला कागद लागला नाही, आणि हेच त्याचे बळही होते व दुबळेपणही. सासूने सुनेला सांगितले तोवर तो टिकला; सून नोकरीसाठी शहरात आली आणि एक पिढी मध्येच तुटली. गायराने आक्रसली, बांधावरची झुडपे गेली, आणि औषधाबरोबर ते ओळखणारे डोळेही दुर्मीळ होऊ लागले.

या तुटलेल्या धाग्याला पुन्हा गाठ मारण्याचे काम काही मंडळींनी निष्ठेने केले. तमिळनाडूतील पशुवैद्यक प्रा. एन. पुण्णियमूर्ती यांनी पारंपरिक उपचारांची द्रव्ये, त्यांचे प्रमाण आणि वापरण्याची पद्धत निश्चित करण्यात अनेक वर्षे वेचली. आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्यांच्या या कामाला सहकारी दूध संघांच्या जाळ्यातून गावागावांत नेले. कासदाहावरील लेप हे त्याचे उत्तम उदाहरण होय. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि खाण्याचा चुना १५ ग्रॅम एकत्र वाटायचे. कास स्वच्छ धुऊन, सारे दूध काढून, लेपातील मूठभर भाग पाण्यात पातळ करून संपूर्ण कासेला लावायचा. असे दिवसातून सुमारे दहा वेळा, सलग पाच दिवस करायचे आणि लेप रोज ताजा वाटायचा. यात गूढ असे काही नाही. परंतु ‘थोडी हळद, थोडा चुना’ आणि ‘५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना’ या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. पहिले वाक्य आठवण आहे, दुसरे शास्त्र आहे. पहिले सांगणाऱ्याबरोबर संपते. दुसरे कोणालाही करून पाहता येते, तपासता येते आणि चुकले तर सुधारता येते.

अभिमान आणि आंधळेपणा

येथे दोन्ही बाजूंच्या अतिरेकापासून सावध राहिले पाहिजे. एक वर्ग असा आहे, की ज्याला गावातील प्रत्येक उपाय अडाणीपणाच वाटतो. परदेशी नियतकालिकात छापून आल्याशिवाय हळदीचा गुण त्याला पटत नाही. दुसऱ्या टोकाला असे उत्साही आहेत, की ज्यांच्या मते सारे काही पूर्वजांनी शोधून ठेवले आहे, आता शोधायचे काही उरलेलेच नाही. वरकरणी परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन भूमिकांत एक साम्य आहे : दोघांचेही कष्ट वाचतात. एकाला तपासण्याची गरज वाटत नाही आणि दुसऱ्यालाही नाही.

इतिहास काय सांगतो? बुळकांडीने या देशातील गोधनाचा किती संहार केला, त्याच्या आठवणी जुन्या पिढीपर्यंत जिवंत होत्या. गावेच्या गावे बैलांवाचून ओस पडत. जनावरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा स्थापन झाली. ती पुढे मुक्तेश्वरला गेली आणि तिचेच रूपांतर आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत झाले. मुक्तेश्वरलाच १९२०च्या दशकात बुळकांडीवरील परिणामकारक लस विकसित झाली. १९५४ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली, हजारो पशुवैद्यक व लसटोचक गावोगाव हिंडले, २००६ मध्ये भारत या रोगापासून मुक्त घोषित झाला आणि २०११ मध्ये सारे जग. गोवंशाची याहून मोठी सेवा आधुनिक काळात क्वचितच घडली असेल. आणि ती काढ्याने नव्हे, लसीने घडली. २०२२ मध्ये लंपी त्वचारोगाने राज्यात थैमान घातले, तेव्हाही संरक्षणासाठी शेळ्यांच्या देवीची लस मोठ्या प्रमाणावर टोचावी लागली. विड्याचे पान, मिरी, मीठ व गूळ यांचे चाटण आजारी जनावराला आधार म्हणून देण्यात आले. पण आधार आणि ढाल यांत भेद आहे. घटसर्पात जनावर काही तासांत जाऊ शकते. लाळ्या खुरकुतात कळप एकाच वेळी आडवा होतो. फाशी किंवा सांसर्गिक गर्भपात या रोगांची बाधा तर माणसालाही होते. अशा वेळी झाडपाल्यावर विसंबून एक दिवस घालविणे म्हणजे श्रद्धा नव्हे, हयगय आहे. कासदाहातही जनावराला ताप असेल, त्याने चारा सोडला असेल, तर पशुवैद्यकाला बोलावण्यात विलंब होता कामा नये.

शिवाय नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. कण्हेर नैसर्गिकच आहे, घाणेरीही नैसर्गिकच आहे. दोन्ही खाल्ल्याने जनावरे दगावतात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते. मात्रा चुकली तर चुनाही कातडी भाजतो. औषधाला औषध म्हणायचे, तर त्याच्या गुणाइतकाच त्याचा दोषही माहीत असला पाहिजे.

हळदीने शिकविलेला धडा

या संदर्भात एक घटना प्रत्येक देशाभिमान्याने लक्षात ठेवावी अशी आहे. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत एकाधिकार दिला गेला. भारतातील प्रत्येक आजीला जे ठाऊक होते, ते तेथे नवा शोध ठरले. देशात संताप उसळला. परंतु तो एकाधिकार संतापाने रद्द झाला नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला रीतसर आव्हान दिले, जुन्या ग्रंथांतील व लेखांतील छापील पुरावे एकामागून एक सादर केले, आणि १९९७ मध्ये तो एकाधिकार रद्द करवून घेतला. मूळच्या गोमंतकातील एका सुपुत्राच्या पुढाकाराने लढली गेलेली ही लढाई पुराव्याच्या बळावर जिंकली गेली. लिहिलेले होते म्हणून हळद वाचली. पुढे पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभारण्याचे काम देशाने हाती घेतले, ते याच जाणिवेतून.

आता प्रश्न असा, की माणसांच्या औषधाबाबत जे झाले ते गोठ्यातील औषधाबाबत कधी होणार? माण तालुक्यातील एखादी वृद्धा किंवा अकोल्याच्या डोंगरातील एखादा गुराखी जे जाणतो, त्याचा बराचसा भाग कोणत्याही ग्रंथात नाही. तो त्यांच्याबरोबर जाईल. उद्या कोणी त्यावर हक्क सांगितला, तर दाखवायला कागद नसेल. आणि कोणी तो उपाय खोटा म्हटला, तरीही दाखवायला कागद नसेल.

सेवेचे नवे रूप

सरकारी पातळीवर अनुकूल पावले पडू लागली आहेत. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पशुआरोग्य व रोगनियंत्रणाच्या सुधारित कार्यक्रमाला मान्यता दिली, तेव्हा पारंपरिक पशुचिकित्सेचे पुनरुज्जीवन व तिचे दस्तऐवजीकरण यांचाही त्यात उल्लेख झाला. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ असा मान दिला आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी अनुदानाची योजना आखली. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु मान देणे एका शासननिर्णयाने होते. त्या मानाला साजेशी निगा मात्र रोजच्या रोज, शेणामुतात हात घालूनच करावी लागते.

म्हणूनच कार्यकर्त्यांना एक साधे, परंतु चिकाटीचे काम करता येण्याजोगे आहे. प्रत्येक गोशाळेत आणि जमेल त्या प्रत्येक गावात उपचारांची एक नोंदवही असावी. जनावराची जात, वेत, आजाराची लक्षणे, शरीराचे तापमान. कोणते द्रव्य, किती वजनाने, किती वेळा दिले. सूज कोणत्या दिवशी उतरली, दूध कधी पूर्ववत झाले. पशुवैद्यकाला केव्हा बोलावले. आणि जे जनावर बरे झाले नाही, त्याची नोंद सर्वांत आधी. अपयश गाळून केलेली नोंद ही जाहिरात होते, शास्त्र होत नाही. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे, नागपूरचे पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ २००० पासून. तेथील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना अशा नोंदी आयत्या मिळाल्या, तर त्यांतून खरे काय आणि फोल काय, हे निवडता येईल. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद आहेच. तिच्यात गोठ्यातील औषधींना स्थान मिळावे आणि माहिती देणाऱ्याच्या संमतीने त्याचे नावही राहावे. ज्ञान ज्यांचे, त्यांचा मान आणि वाटाही त्यांचाच, हा न्याय घरापासून सुरू झाला पाहिजे.

याच्या जोडीला प्रतिबंधाचे साधे नियम घरोघर पोहोचविता येतील. दूध काढण्यापूर्वी हात व कास धुणे. अंगठा दुमडून सड ओढण्याऐवजी पूर्ण मुठीने धार काढणे. धार काढून झाल्यावर पुढ्यात वैरण टाकून गाईला अर्धा तास उभे ठेवणे. सडाचे तोंड त्या काळात उघडे असते आणि गाय तशीच ओल्या जमिनीवर बसली तर जंतू आत शिरतात. एवढ्या नियमांनी कितीतरी कासदाह मुळातच टळतील आणि लेपाचीही गरज पडणार नाही.

शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबही यात केवळ प्रेक्षक नाही. दूध स्वस्त हवे, दाट हवे आणि निर्दोषही हवे, ही तिहेरी अपेक्षा शेवटी गोपालकाच्याच माथी येते. आजारी गाईचे दूध बाजूला काढणाऱ्या प्रामाणिक गोपालकाला त्या दिवसांचा तोटा एकट्याने सोसावा लागू नये, यासाठी दोन पैसे अधिक मोजण्याची तयारी ग्राहकाने दाखविली पाहिजे. गोशाळेला देणगी देताना कोनशिलेवर नाव कोरले जाईल की नाही, हे विचारण्याऐवजी, तेथे औषधोपचाराची वही आहे का, पशुवैद्यक महिन्यातून किती वेळा येतो, लसीकरण केव्हा झाले, हे प्रश्न विचारले जावेत. हे प्रश्न विचारणारे दाते वाढले, तर गोशाळांचे चित्र पालटण्यास वेळ लागणार नाही.

गाय ही श्रद्धेचा विषय आहे, याबद्दल या देशात समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती श्रद्धेला शिस्त लावण्याची. ज्या पूर्वजांनी हळद, चुना आणि कोरफड यांचे नाते शोधले, ते डोळे उघडे ठेवून पाहणारे, करून बघणारे आणि अनुभवाने सुधारत जाणारे लोक होते. त्यांच्या उपायांचा जयजयकार करणे सोपे आहे. त्यांच्या वृत्तीचा वारसा चालविणे कठीण आहे. हातात तराजू, तापमापक आणि वही घेऊन जो गोठ्यात उतरेल, तोच त्यांचा खरा वारस ठरेल.